फक्त माझंच दप्तर

सरांनी माझं दप्तर टेबलावर उलटं केलं. वही पडली, इंग्रजीचं फाटकं पुस्तक पडलं, फडक्यातली अर्धी भाकर पडली. आणि तेंदूची पानं कापायची कात्री. माझी आई विड्या वळायची. शाळेत यायच्या आधी मी तिला पानं कापून द्यायची. वर्ग हसला. सर म्हणाले, "हत्यारं घेऊन येतात."

त्यांचं पेन हरवलं होतं. तास इंग्रजी व्याकरणाचा. समबडी, नोबडी, एव्हरीबडी. फळ्यावर त्यांनी वाक्य लिहिलं, 'समबडी हॅज टेकन माय पेन.' कुणीतरी माझं पेन घेतलं आहे. ते वाचायला मलाच उभं केलं. त्यात नाव कुणाचंच नव्हतं. तरी सगळी डोकी माझ्याकडे वळली.

मॅट्रिकचा वर्ग, सीताबर्डीजवळची शाळा. आमच्या वस्तीतली मी एकटी. घरी बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आठ-नऊ वर्षं झाली होती. पण शाळेत काही हरवलं की आधी आमचं दप्तर उघडायचं, हा रिवाज तसाच होता.

पेन सापडलं नाही. "घरी पोचवलं असेल," सर म्हणाले. "उद्या सगळ्यांसमोर कबूल कर. नाहीतर तुझा परीक्षेचा फॉर्म जाणार नाही."

घरी जाऊन आईला सगळं सांगितलं. आईने मांडीवरचं सूप बाजूला ठेवलं.

"तू घेतला काय वं?"

"नाही."

"मले माहीत हाय. पण कबूल होऊन जाय. मास्तर दोन शिव्या देईन, फॉर्म तं जाईन. नाही तं जिंदगीभर विड्याच वळत राहशीन."

आईला इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मला तिचा रागही आला, आणि तिचं खरं वाटून जास्तच भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी वाटभर घोकत गेले. सर, मी घेतलं. सर, मी घेतलं. सरांनी हातात खडू दिला. "इंग्रजीत लिही. आय हॅव टेकन द पेन." त्यांना गंमत वाटत होती.

मी 'आय' लिहिलं आणि हात थांबला. हे एकदा लिहिलं की उद्या हरवलेली छत्री माझ्या नावावर, परवाची कंपासपेटीही. माझ्यामागून आमच्या वस्तीतून जी पोरगी येईल, तिच्याही नावावर हेच. मी डस्टर उचललं, 'आय' पुसलं आणि लिहिलं: 'एव्हरीबडी हॅज अ बॅग. सर चेक्ड ओन्ली माइन.'

प्रत्येकाकडे दप्तर आहे. सरांनी फक्त माझंच तपासलं.

एव्हरीबडीला हॅज लागतं, हॅव नाही. तेवढ्या भीतीतही ते चुकलं नाही. सरांनी दोनदा वाचलं. चूक सापडली नाही, म्हणून म्हणाले, "उद्धट कार्टी. चालती हो."

फॉर्म गेला नाही. वर्ष वाया गेलं. आई कितीतरी दिवस माझ्याशी बोलली नाही. पुढच्या वर्षी मी बाहेरून मॅट्रिकला बसले.

लोकांना वाटतं, मी धीट झाले. कसली धीट? आजही ऑफिसात साहेबाने नुसतं "इकडे या" म्हटलं तरी भीती वाटते. वाटू दे. जे मी केलं नाही, ते मी कबूल करणार नाही. फॉर्मसाठी नाही. नोकरीसाठी नाही. आईने पाया पडून सांगितलं तरी नाही.