गरगरतंय

त्या योगाच्या सरांचा मला अजून राग येतो. वीसेक वर्षं झाली, तरी येतो.

भोरमधली पत्र्याची रिकामी शेड, पूर्वी भाताचं गोदाम होतं. मे महिना, दुपारचे चार. बायकांना तेवढाच वेळ मोकळा, म्हणून वर्ग तेव्हा. सर पुण्याहून काहीतरी शिकून आले होते आणि सगळ्या खिडक्या लावून घ्यायचे. "पुण्यात लोक हीटर लावून गरम योगा करतात, आपल्याला देवानं फुकट दिलंय," म्हणायचे. मध्ये पाणी प्यायचं नाही. घामातून विष बाहेर पडतंय, पडू द्या. आम्ही पंधराएक बायका माना डोलवायचो. चुलीपुढं जन्मभर घाम गाळला होता, त्याला कुणी योगा म्हटलं नव्हतं.

धाकट्या जावेला मीच ओढून नेलं. ती घाटातल्या हिर्डोशी गावची, एसटी चुकली तर सरळ चालत माहेर गाठणारी, काटक. लग्नाला तीन वर्षं होऊन मूल नव्हतं. सासूबाईंनी वर्गाला जाऊ दिलं तेही त्याच आशेनं.

चौथ्या दिवशी ती माझ्याकडे सरकून म्हणाली, "ताई, गरगरतंय. मळमळतंय बी."

आमच्याकडे मूल नसलेल्या सुनेला गरगरलं, मळमळलं, की त्याचा एकच अर्थ. मागची बाई फिसकन हसली, "मंग, पेढं कदी?" सगळी शेड हसली. मीही हसले. नुसती हसले नाही, तिच्या पाठीवर थाप मारली आणि सासूबाईंना आधी आपणच सांगायचं हेही मनात ठरवून टाकलं. ती लाजली नाही, हसलीही नाही. तेवढं तरी मला दिसायला हवं होतं.

शेवटी शवासन झालं. सगळ्या उठल्या, ती उठली नाही. सर म्हणाले, "छान झोप लागलीय, उठवू नका."

आमच्या शेजारच्या भाभी, शिवणकाम करायच्या, तिच्याजवळ बसल्या होत्या. त्यांनी तिच्या कपाळावर हात ठेवला आणि ओरडल्याच, "अवो, आपुन समद्या निथळतोय आन ही कोरडीठाक! तव्यावानी तापलीया!" खिडक्या त्यांनीच धाडधाड उघडल्या. ओढणी भिजवून तिच्या मानेला, काखेत लावली. रस्त्यावर जाऊन टेम्पो थांबवला. सर दाराशी उभे राहून सांगत होते की विष बाहेर पडताना असं होतंच. मी त्यांना जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही, आणि कमीच बोलले.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर हाती लागली नसती. गरगरलं की तिथंच थांबायचं, वाऱ्याला यायचं, घोट घोट पाणी घ्यायचं. काय अवघड होतं त्यात? म्हैस धापा टाकायला लागली तर आम्ही तिला सावलीत बांधतो. तिला कुणी पेढे मागत नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं मला ओळखलं. सासूबाई डबा घेऊन आल्या, कॉटशी उभ्या राहिल्या आणि तिच्यादेखत मला विचारलं, "मंग? न्हाईच व्हय?"

"न्हाई," मी म्हणाले. त्यांनी डबा ठेवला आणि गेल्या.

महिन्याभरात सरांनी दुसऱ्या गावात वर्ग काढला म्हणे. त्यांना शिव्या घालून मी मात्र सुटत नाही.

पुढच्या वर्षी जावेला खरंच दिवस गेले. ती कुणाला बोलली नाही. भातलावणीत मधेच बांधावर जाऊन बसायची, आम्हाला वाटायचं कंटाळली. मला कळलं तेव्हा पाचवा महिना लागला होता. एका घरात, एका चुलीवर राहून.

"अगं, मला तरी सांगायचंस की!" मी चिडून म्हणाले.

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "म्या एकदा सांगितलं व्हतं, ताई."