एकतीस वाकळी आणि मूठभर ज्वारी

सोलापुरातल्या एका चादरींच्या कारखान्यात मी बत्तीस वर्षं तपासनीस होतो. काम एकच, दोष शोधायचा. सुटलेला धागा, रंगाचा डाग, वाकडा काठ. माझ्या नजरेतून एक टाका निसटला नाही, असं मी निरोपसमारंभात बोललो होतो आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. निवृत्त झालो, पण डोळ्यांची खोड काही गेली नाही. घरातले टॉवेल उजेडात धरून पाहू लागलो. पाहुण्यांच्या कॉलरी तपासू लागलो. एका लग्नात नवरीच्या शालूतला दोष मी नवरीच्या आईला अक्षता पडायच्या आधी दाखवला, तेव्हा बायकोने हात टेकले.

तिच्या ओळखीची एक संस्था आहे. दंगलीत घरं जळाली, गाव सोडून पळावं लागलं, अशा कुटुंबांना ती मदत पाठवते. बायकोने तिथल्या बाईंना फोन केला आणि म्हणाली, "तुम्हाला माणूस हवाय ना? आमचे हे घेऊन जा." त्या दिवशी खरी मदत कोणाला मिळाली, हे मी आजही सांगू शकत नाही.

काम असं होतं. दूर डोंगराळ मुलुखातली काही कुटुंबं एका शाळेत दिवस काढत होती आणि तिकडे थंडी पडायला लागली होती. वाशीम जिल्ह्यात रिठदजवळच्या एका वस्तीतल्या बायकांनी त्यांच्यासाठी आपणहून एकतीस वाकळी (जुन्या लुगड्यांच्या, हातानं शिवलेल्या गोधड्या) तयार केल्या होत्या. त्या तपासायच्या, गठ्ठे बांधायचे आणि ठरल्या दिवशी चार वाजता रिसोडहून निघणाऱ्या ट्रकमध्ये चढवायच्या. सोबत छापील नियमावली आणि तपासणीचा फॉर्म होता. नियम सातवा लाल अक्षरांत होता: कापडात अन्नधान्य नको. मागच्या खेपेला कुणीतरी प्रेमाने ब्लँकेटच्या घडीत चिवडा ठेवला होता. उंदरांनी आधी चिवडा खाल्ला, मग ब्लँकेटं.

मला फार आनंद झाला. इतके सुंदर नियम मी निवृत्तीनंतर पाहिलेच नव्हते.

सोलापूरहून परभणी, परभणीहून हिंगोली, हिंगोलीहून रिसोड, अशा तीन एसट्या बदलल्या. हातात आमच्याच कारखान्यातल्या कापडाची जाड पिशवी, तिच्यात मोजपट्टी, भिंग आणि दोन सदरे. हिंगोली सोडल्यावर सोयाबीन काढून मोकळी झालेली रानं लागली, मधूनमधून पिवळ्या फुलांनी भरलेली तूर. शेजारच्या आजोबांनी मी कुठून आलो, कुठे चाललो, जावई काय करतो, हे सगळं सेनगाव येईपर्यंत काढून घेतलं. मग माझ्या मांडीवर आपलं गाठोडं ठेवलं आणि झोपले. रिसोडच्या स्टँडवर उतरलो तेव्हा माझी एक मांडी बधिर होती आणि मी लंगडत गावात शिरलो. बाजारात सोयाबीनच्या पोत्यांच्या थप्प्या, जीपवाल्यांचा आरडाओरडा, आणि दर चौथ्या दुकानापुढे कोणीतरी विचारणार, "पायाले काय झालं जी?" मी लॉजवर पोचेपर्यंत निम्म्या रिसोडला माझा पाय ठाऊक झाला होता.

सकाळी टेम्पो घेऊन शब्बीरभाई आले. पन्नाशीचे, मेंदी लावलेली दाढी. त्यांच्या वडिलांचा कापूस पिंजायचा धंदा होता. गाद्या फॅक्टरीतून यायला लागल्या तसा यांनी टेम्पो घेतला.

"तुमीच का चादरवाले साहेब?" त्यांनी विचारलं. "पाय कसा हाय आता?"

वस्ती म्हणजे सरळ रेषेत आखलेली तीस-चाळीस घरं. या लोकांचं जुनं गाव तलावाच्या पाण्याखाली गेलं, तेव्हा त्यांना इथे आणून वसवलं. त्याला आता खूप वर्षं झाली, पण रस्त्यावरची पाटी अजून "नवी वस्ती" म्हणते. समाजमंदिराच्या ओट्यावर वाकळींची चळत रचलेली आणि भोवती बायका बसलेल्या. मधोमध गोदामाय. वय ऐंशीच्या आसपास, अंगाने काडी, आवाज मात्र टेम्पोच्या हॉर्नला मागे सारणारा. वाकळींचं सगळं तिच्याच डोक्यातून निघालं होतं.

मी मोजपट्टी काढली. नियम तिसरा: सर्व नग एका मापाचे. पहिली वाकळ साडेसहा फूट भरली, दुसरी पाच, तिसरी सव्वासहा.

"ही मापं कशावरून घेतली?" मी विचारलं.

"ज्याच्या त्याच्या नवऱ्यावरून," गोदामाय म्हणाली. "भुईवर निजवाचं, डोक्याच्या वर येक वीत सोडाची, पायाखाली येक वीत. टेप कोनापाशी हाय इथं?"

"आणि ही साडेसहाची?"

"तो रखमाचा. तो निजला का उठतच नाई, म्हून तिनं आरामात माप घेतलं."

रखमा तोंडाला पदर लावून हसली. गोदामायचे यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, तर तिने कोणाला निजवलं, असं मी विचारलं. तिने शब्बीरभाईंकडे बोट दाखवलं. शब्बीरभाई जरा ओशाळले. "सामान घेऊन आलो होतो, साहेब. म्हने, जरासा भुईवर लेट."

नियमाप्रमाणे एकतीसच्या एकतीस नापास होत होत्या. मी तसं म्हणालो. शब्बीरभाईंनी विचारलं, "साहेब, तिकडचे लोकं सारे येकाच मापाचे हायेत का?" यावर नियमावलीत उत्तर नव्हतं. मापाचा रकाना मी मोकळा सोडला. माझ्या आयुष्यातला तो पहिला मोकळा रकाना.

टाके मात्र पाहत राहावे असे होते. बोटाएवढ्या अंतरावर सरळ धावदोरा, मधे कुठे गाठ नाही. मी भिंग लावून लावून थकलो. मग काठ चाचपताना बोटांना कोपऱ्यात काहीतरी कडक लागलं. दुसऱ्या वाकळीतही, तिसरीतही.

"हे काय आहे?"

"जवारी," गोदामाय म्हणाली. "मूठभर. पोट हाय थे वाकयीचं. उपाशी वाकय कोनाले देत नसतात."

मी नियम सातवा वाचून दाखवला. चिवड्याची आणि उंदरांची हकिकतही सांगितली. गोदामायचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"मी सांगतो तुमाले," ती म्हणाली. वऱ्हाडात कित्येक बायकाही स्वतःला "मी सांगतो" म्हणतात, त्याची मला एव्हाना सवय झाली होती. "आमचं गाव बुडालं तवा आमी टिनाच्या शेडात व्हतो. पोरं थंडीनं कुडकुडून राह्यले. कोन्या गावच्या बायांनी वाकयी धाडल्या, नाव बी माईत नाई. माह्या वाकयीच्या कोपऱ्यात हे असं जवारीचं पोट व्हतं. सासू म्हने उसव, भाकर करू. म्या म्हनलं नाई. जागा भेटंल तवा उसवीन. मंग हे जागा भेटली. भित बी नव्हती उभी, पन दारात पयले थे जवारी पेरली. कनसं आले तवा वाटलं, आता हे गाव आपलं."

तिने वाकळीच्या कोपऱ्यावर हात ठेवला. "थ्या लोकायचं बी गाव गेलं ना? मंग त्यायले नुसतं पांघरून देऊन काय करू? ह्या वाकयीसंगं जवारी पोचली पायजे. नाई तं माही वाकय मले वापस द्या."

मला ते पटलं. पण मी तपासनीस. मन एकीकडे आणि उंदीर एकीकडे. उंदरांना गोष्टी सांगता येत नाहीत आणि थंडीत वाकळीची चाळण झाली तर कुडकुडणार तीच माणसं. मी म्हणालो, "माय, ट्रकवर पोत्यात बांधलेल्या जातील या. वाटेत दोन गोदामं आहेत. तुमचं खरं, पण नियमही उगाच नाही."

तेवढ्यात एक शेळी ओट्यावर चढली आणि तिने सर्वांत वरच्या वाकळीचा कोपरा नेमका ज्वारीच्या जागी चावायला घेतला. रखमाने तिला हाकललं. मी फक्त शेळीकडे पाहिलं. शेळीने माझी बाजू मांडली होती.

गोदामायने एकदा शेळीकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. मग कात्री मागवली. "उसवा वो बायाहो," ती म्हणाली, इतक्या सहज की मला संशय यायला हवा होता.

एकतीस कोपरे माझ्यादेखत उसवले. ज्वारी टोपल्यात ओतली. टोपलं अर्धं भरलं. मी प्रत्येक कोपरा दोन बोटांनी चाचपला आणि एकेक खूण केली. मला अगदी अपराध्यासारखं वाटत होतं.

"आता जेवून घ्या," गोदामाय म्हणाली. "उसवलेले कोपरे शिवाले टाइम लागते."

जेवायला रोडगे होते (कणकेचे जाड गोळे, गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले), वर तूप, सोबत वांग्याची तर्रीदार भाजी आणि वरण. दोन रोडग्यांत माझं पोट भरलं. "पाहुनं लाजून राह्यलं," असं म्हणत रखमाने तिसरा ठेवला. चौथा कसा आला ते कळलं नाही. नको म्हणायला तोंड उघडलं की त्यात तूप पडत होतं. मी दहा मिनिटं लिंबाखालच्या बाजेवर टेकलो. शब्बीरभाई म्हणाले, "आराम करा, साहेब. म्या उठवतो." पिशवी मी उशाला घेतली होती. जाग आली तेव्हा ती पायापाशी होती आणि घड्याळात तीन वाजत आले होते.

ओट्यावर सगळे गठ्ठे पोत्यात घालून, सुतळीने शिवून तयार होते. टोपलं रिकामं होतं.

"ज्वारी कुठे गेली?"

"कोंबड्याइनं खाल्ली," गोदामाय म्हणाली.

ओट्याखाली तीन कोंबड्या उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं. अर्ध्या टोपल्याचं जेवण झालेल्या काही दिसत नव्हत्या. पण ट्रक चारला सुटणार होता, पोटात चार रोडगे होते आणि शब्बीरभाई टेम्पो चालू करून बसले होते. मी फॉर्मवर "अन्नधान्य: नाही" असं लिहून सही केली. निघताना गोदामायच्या पाया पडलो. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "पाय सांभाळा."

चारला पाच मिनिटं कमी असताना आम्ही रिसोडला पोचलो. ट्रकवाल्याने गठ्ठे वर घेतले. एक उचलताना तो म्हणाला, "वाकळी म्हणता, पन वजन हाय बरं." शब्बीरभाईंना एकदम खोकला आला.

परतीच्या तिन्ही एसट्यांत मी विचार करत होतो. माझ्या एका नियमापायी गोदामायची ज्वारी कोंबड्यांच्या पोटात गेली. घरी पोचलो तरी ते मनातून जाईना. बायकोने पिशवी रिकामी केली, झटकली आणि म्हणाली, "हे काय शिवलंय कोपऱ्यात?"

मी पिशवी उजेडात धरली. तळाच्या कोपऱ्यात बोटभर धावदोरा, अगदी सरळ. आत मूठभर ज्वारी. तीन एसट्या मी ती पिशवी मांडीवर घेऊन बसलो होतो. माझी पिशवी, माझं कापड, आणि बत्तीस वर्षं एक टाका न निसटलेले माझे हे डोळे. मग लख्खकन कळलं. जिथे एक कोपरा शिवला, तिथे एकतीस शिवायला चार रोडग्यांची झोप पुष्कळ झाली.

बायकोला हे सांगितलं, तर ती डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. मीही हसलो, पण संस्थेला कळवायला हवं होतं. फोन उचलला, ठेवला. दोन दिवस उचलत-ठेवत राहिलो. पहिल्यांदाच दोष सापडला होता आणि सांगवत नव्हता.

शेवटी संस्थेतल्या बाईंचाच फोन आला. वाकळी पोचल्या होत्या, वाटूनही झाल्या होत्या. उंदीर? नाही, एकही कुरतडलेली नव्हती. "पण एक तक्रार आहे," त्या म्हणाल्या. "सगळ्या वाकळींच्या एका कोपऱ्यात काहीतरी कडक आहे. कानाखाली टोचतं म्हणतात लोक. उसवू का, विचारताहेत. तुम्ही तर तपासल्या होत्या ना?"

मी खरं ते सगळं सांगून टाकलं. सही, झोप, कोंबड्या, रोडगे.

"मग त्यांना काय सांगू?" बाईंनी विचारलं.

"सांगा, तो कोपरा पायाकडे घ्या," मी म्हणालो. "आणि आता उसवू नका. स्वतःच्या दारात परत उभे राहाल, त्या दिवशी उसवा आणि पेरा."

बाई म्हणाल्या, नक्की सांगते.

पिशवीचा कोपरा बायकोने उसवून पाहिला होता. तो मी परत शिवला, ज्वारीसकट. हातात सुई मी पहिल्यांदाच धरली. टाका वाकडा आहे, मधे दोन गाठी आहेत, दोरा रंगाला जुळत नाही. मी भिंग लावून नीट तपासला आणि पास केला.