मशीनचं तोंड

आर्णीजवळच्या आमच्या डाळ मिलमध्ये अडचण आली की सगळे सभासद गोल बसतात आणि उपाय चिठ्ठीवर लिहितात, नाव न टाकता. पटेल त्या चिठ्ठीवर प्रत्येकानं तुरीचा एक दाणा ठेवायचा. जास्त दाणे पडले की चिठ्ठी कोणाची ते विचारायचं, आणि काम त्याच्याच गळ्यात.

लागोपाठ तीन बैठकांत दाणे मशीन सांभाळणाऱ्या मिस्त्रीला पडले. मिस्त्री सातवी शिकलेला. मी मॅनेजमेंटचा कोर्स केलेला, फळ्यावर बाण काढण्यात माझा हात धरणारा तालुक्यात नाही. तरी दाणे त्याला! त्याच्या चहात साखर कमी पडली तरी मला बरं वाटायचं. त्यात पाचव्या बैठकीत दाणे बघूनच मिलचा प्रमुख ठरणार होता.

चौथ्या बैठकीतली अडचण धुळीची होती. भरडताना उडालेली टरफलं रांगेतल्या शेतकऱ्यांच्या तोंडावर यायची. बैठकीआधी टपरीवर मिस्त्री म्हणाला, "भाऊ, मशीनचं तोंड मागच्या भिताडाकडं फिरवलं तं? तुमाले काय वाटते?"

"छे! अजिबात जमणार नाही," मी म्हणालो.

बिचाऱ्यानं विश्वास ठेवला आणि चिठ्ठीवर दुसरंच काहीतरी लिहिलं. मी लिहिलं, 'मशीनचं तोंड फिरवा.'

माझ्या चिठ्ठीवर सगळ्यात जास्त, अकरा दाणे पडले. मोजताना माझी छाती फुगली.

"वा! मंग मोटर कुठी बसवायची?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"मोटर… आहे तिथंच."

"अन् पट्टा काय दारातून नेता? मानसं उड्या मारून आत येतीन काय?"

सगळे हसले. मी खडू शोधू लागलो. तेवढ्यात मिस्त्री उठला. आता हा माझी अब्रू काढणार, असं मी धरून चाललो. तो म्हणाला, "भाऊ बराबर सांगून राह्यले. मोटर बी संगं फिरवू. अन् बाई, प्रमुख भाऊलेच करा. मले मशीन पुरे."

त्याच्या डोळ्यांत राग शोधला, सापडला नाही. रागावला असता तर निदान बरोबरी झाली असती. ज्या पदासाठी मी चोरी केली, ते त्याला नकोच होतं!

पुढच्या बैठकीत प्रमुख मीच झालो. दारालगतच्या खोलीत माझं टेबल आहे, वर पंखा. शेतकरी आत डोकावतात, अदबीनं नमस्कार घालतात आणि विचारतात,

"प्रमुखसाहेब, मिस्त्री कुठी गेले?"