झोपेतलं माप

माझे बाबा पेडण्यात शिंपी. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, त्याला ताठ उभं केल्याशिवाय ते टेप हातात घेत नसत. साऱ्या गावाची मापं त्यांनी उभ्याने घेतली. झोपेत घेतलं ते फक्त माझं, आणि तेही पायाचं.

सातवीत तालुक्याच्या शर्यतीसाठी माझी निवड झाली. तोवर मी अनवाणीच धावत होते. बाबा म्हणाले, आता बूट हवेत. शुक्रवारचा म्हापशाचा बाजार, भल्या पहाटेची बस, आणि आदल्या दिवशी धावून दमलेल्या मला उठवणं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी केरसुणीतला एक हीर ओढला, माझ्या टाचेपासून अंगठ्यापर्यंत धरला आणि तिथेच मोडला. टेप बुटात वाकते, हीर वाकत नाही, ही त्यांची हुशारी. अति शहाणा त्याचा बैल रिकामा!

बाजारात हीर बुटात तंतोतंत बसला. घरी मी बूट घालून उभी राहिले मात्र, पाय पसरला आणि बोटं पुढे जाऊन टेकली. बाबा समोर उकिडवे बसून माझं तोंड बघत होते.

"बरे बसतत," मी पटकन म्हणाले.

सोमवारी अर्ध्या शर्यतीत मी मटकन खाली बसले, बूट काढले आणि हातात घेऊन सुटले. टाकून गेले असते तर कोणीतरी पळवले असते. तशीच तिसरी आले. सगळे हसले, बाबा नाही हसले. परतीच्या बसमध्ये त्यांनी माझा पाय मांडीवर घेतला, काळंनिळं नख पाहिलं आणि म्हणाले, "निजल्यार ल्हान आनी उबो रवल्यार मोठो, असो पाय खय असता?"

म्हणजे चूक पायाची. शिंप्याची नव्हे.

आता बाबा थकलेत, पण सकाळचं फिरणं सोडत नाहीत. परवा त्यांना धावण्याचे बूट घ्यायला म्हापशाला नेलं. मुद्दाम संध्याकाळी, पाय दिवसभर वापरून झाल्यावर. दुकानात ताठ उभं केलं. पाच खोकी उघडून झाली होती, दुकानदार कंटाळला होता. मी विचारलं, चावतात का?

"बरे बसतत," बाबा पटकन म्हणाले.

मी खाली बसून बुटाचं टोक दाबलं. आत अंगठा टेकलेला होता, माझा टेकला होता तसाच. दुकानदाराला म्हटलं, वरचा नंबर काढा.