तगरीला पाणी लागत नाही

"तगरीला पाणीबिणी काही लागत नाही," हे मी गल्लीत इतक्या वेळा सांगितलं आहे, की आता आठवलं तरी कान गरम होतात.

मास्तरकीतून निवृत्त झाल्यावर जालन्यातल्या घरापुढं मी तगर लावली. केदारखेड्याचं शेत भाऊ बघतो. माझ्या हातून साधी मेथी कधी उगवली नाही, असं तो चारचौघांत सांगतो. त्यामुळं तगर बारा महिने पांढरीशुभ्र फुलायला लागली, तेव्हा मी फुगलो. आमच्याकडं नळ आठ-दहा दिवसांनी येतो. तेवढ्यात माणसांचंच भागत नाही, झाडाला कोण घालणार? पहिलं वर्षभर घातलं, मग सोडून दिलं. तरी ती फुलतच राहिली, अगदी भर उन्हाळ्यातसुद्धा. मला वाटलं, आपल्या हाताला गुण आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला लावायला फांद्या देऊ लागलो.

शेजारी सत्तरीच्या एक मारवाडी काकी राहतात. आमची कंपाउंडची भिंत एकच. त्या रोज सकाळी न विचारता परडीभर फुलं देवाला न्यायच्या. देवाच्या फुलांना चोरी म्हणत नाहीत, हे मला ठाऊक होतं. माझी आईही लोकांच्या कुंपणावरची कण्हेर अशीच आणायची. पण झाड माझं झाल्यावर माझा न्याय बदलला. एकदा भाजीच्या गाड्याभोवती बायका जमलेल्या असताना मी फाटकातून मोठ्यानं म्हणालो, "काकी, देव तुमचा आणि फुलं आमची. हे कुठलं पुण्य?"

कुणीतरी हसलं. काकींनी परडी भिंतीवर पालथी केली आणि आत गेल्या. त्यानंतर त्या कधी फुलांना आल्या नाहीत. घरात येऊन मी बायकोला म्हणालो, एकदाच बोलावं, पण असं बोलावं. ती गप्प राहिली. तिचं गप्प राहणं मी होकारात धरलं.

यंदाच्या मे महिन्यात गल्लीतल्या चौघांच्या तगरी वाळून काटक्या झाल्या. सगळ्या माझ्याच फांद्यांच्या. त्यांतले एक गृहस्थ विचारायला आले, सर, तुमचीच कशी हिरवी? मी ऐटीत त्यांना झाडापाशी नेलं, माती दाखवायला वाकलो, आणि बोटं चिखलात गेली. भिंतीच्या तळाशी एक भोक होतं. त्यातून पाइपाचा वीतभर तुकडा माझ्या बाजूला आला होता. पलीकडं काकींची मोरी. मी पटकन वाळका पाला त्यावर सरकवला आणि म्हणालो, हाताला गुण असतो एकेकाच्या. हे लिहितानाही मेल्याहून मेल्यासारखं होतं.

ते गेल्यावर बायकोला विचारलं. तिला सगळं माहीत होतं. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी, नळ आला की हंड्यांतलं शिळं पाणी, सगळं काकी त्या पाइपातून माझ्या झाडाला सोडत होत्या. फुलं बंद झाल्यावरही सोडत होत्या. मला का नाही सांगितलंस, म्हटलं, तर म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही ते भोक बुजवलं असतं."

बुजवलंच असतं. मी स्वतःला ओळखतो.

दोन दिवस टाळाटाळ केली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, काय बोलायचं ते मनात चारदा घोकून, काकींकडं गेलो. त्या मोरीपाशी भांडी विसळत होत्या. मला दारात बघून गुडघ्यावर हात देत घाईनं उठल्या, ओले हात पदराला पुसले. मी तोंड उघडायच्या आत त्याच बोलल्या.

"चुकलं सर माझं. पाणी तुमच्या हद्दीत जाऊन राह्यलं, मला समजत होतं. पण फेकून देऊ वाटंना. उद्यापासून बिलकुल न्हाई सोडणार."

त्यांची मान खाली होती. नाही काकी, चुकलं माझं, एवढे चार शब्द म्हणायचे होते. माझ्या तोंडून निघालं, "बरं, बरं." आणि मी घरी आलो.