कुसाबाईंचा हात

मंजुषा आहेरच्या स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीवरसुद्धा ‘मीठ’ अशी चिठ्ठी चिकटवलेली असते. नवरा चेष्टा करतो, सासूबाई नाक मुरडतात, पण लाइट गेली की अंधारात हिंगाची डबी मंजुषाच काढून देते. अशा बाईच्या हाती नाशिकच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या रोबोटचा प्रोग्राम सांभाळायला आला. उघडून पाहिल्यावर तिला रडू यायचंच काय ते बाकी राहिलं.

चार हजार ओळींची एकच फाइल होती. चार वर्षांत येऊन गेलेल्या पोरांनी सुचेल ते तिच्यात कोंबलं होतं. शेजारी ‘फायनल’, ‘नवी फायनल’, ‘हीच खरी फायनल’ अशी तिची भावंडं. रोबोट म्हणजे द्राक्षाच्या घडातले जादा मणी काढून घड मोकळा करणारा यांत्रिक हात. त्याला पायरीपायरीने कोणी शिकवत नव्हतं. तो आपला कात्री चालवायचा. बरोबर मणी काढला की गुण मिळायचे, चुकला की जायचे, आणि असे लाखभर घड नासवून तो शहाणा व्हायचा. घड अर्थात कॉम्प्युटरमधले, नाहीतर दिंडोरीच्या बागायतदारांनी कॉलेजात पाऊल ठेवू दिलं नसतं.

पण बरोबर मणी कोणता, हे रोबोटचं काम बघणाऱ्या सरांना तरी कुठे माहीत होतं? ते माहीत होतं कुसाबाई गावितांना. पेठकडच्या एका पाड्यावरून तीस वर्षं त्या मजुरांच्या टोळीबरोबर विरळणीला, म्हणजे हेच जादा मणी काढायला, येत होत्या. दोन हंगाम मंजुषाने त्यांच्या मनगटाला रंगीत पट्ट्या बांधल्या आणि कात्री चालवताना त्यांचा हात कॅमेऱ्यात टिपला. “घडात करंगळी फिरली पायजे, ताई. नाय फिरली तर आतला मणी गुदमरतो,” असं त्या सांगायच्या. गुण देण्याचं सगळं गणित त्या करंगळीवर उभं राहिलं.

बदल्यात कुसाबाईंनी एकच गोष्ट मागितली होती.

“मुकादम आमाला ‘बाया बारा’ म्हनून मोजतो. नाव कोनी इचारत नाय. तुझ्या मशिनीत माझं नाव राहील का?”

“राहील की, मावशी.”

मंजुषाने तिथल्या तिथे गुणांच्या भागावर मराठीत ओळ टाकली: ‘हा हात कुसाबाई गावित यांचा.’ रात्रशाळेत कुसाबाई आपलं नाव तेवढं लिहायला-वाचायला शिकल्या होत्या. स्क्रीनवरच्या ‘कु’वर बोट ठेवून त्या लहान मुलीसारख्या हसल्या.

यंदा एका कंपनीने तो प्रोग्राम घ्यायचं ठरवलं. सर म्हणाले, “मॅडम, उद्या कोणीही उघडला तरी त्याला चालवता आला पाहिजे, असा लावून द्या.” मंजुषाने तीन महिने जीव ओतला. बागेचा भाग एका फोल्डरमध्ये, गुणांचा दुसऱ्यात, शिकण्याचा तिसऱ्यात, प्रयोगांच्या नोंदी चौथ्यात. कंपनीची अट होती की आत कुणा माणसाचं नाव नको. पोरांनी तर नावं, फोन नंबर, एकाने प्रेयसीचा वाढदिवससुद्धा लिहून ठेवला होता. शेवटच्या दिवशी तिने कॉम्प्युटरला सगळी नावं एकदम बदलायला लावली. दोनशे चौदा जागा निघाल्या. तिने यादीवरून भरभर नजर फिरवली आणि ‘हो’ दाबलं. घरातला ओटा पुसावा तितक्या सहज.

प्रोग्राम सोमवारी कंपनीकडे गेला. गुरुवारी कुसाबाई पेठच्या एसटीने आल्या, नागलीचे पापड घेऊन. उजवा हात पदराखाली होता. बाहेर काढला तेव्हा तो थरथरत होता.

“औंदा टोळीत घेतलं नाय. कात्री धरवत नाय. म्हनलं, मशिनीत तरी चालतोय ना माझा हात, बघून येऊ. नाव दाव ना, ताई.”

मंजुषाने खुर्ची पुढे ओढून दिली आणि नाव शोधायला टाकलं. उत्तर आलं शून्य. पुन्हा टाकलं, पुन्हा शून्य. गुणांची फाइल उघडली. त्या ओळीत आता लिहिलं होतं: ‘हा हात तज्ज्ञ १ यांचा.’ हे दुसऱ्या कुणी केलं नव्हतं.

“कुठं हाय?” कुसाबाई स्क्रीनकडे वाकल्या.

खरं सांगायचं धैर्य मंजुषाला झालं नाही. तिने कोरी फाइल उघडली आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘हा हात कुसाबाई गावित यांचा.’

कुसाबाईंचं थरथरतं बोट ‘कु’वर जाऊन टेकलं. मग डोळे पुसून त्या म्हणाल्या, “आता गेले तरी चालंल.” मंजुषाने त्यांना स्टँडपर्यंत सोडलं, एसटी हलेपर्यंत ती खिडकीशी उभी राहिली आणि परत आली.

फाइल अजून तशीच उघडी होती. बंद करायला गेली तेव्हा कॉम्प्युटरने विचारलं, कुठे ठेवायची? बाग, गुण, शिकणं, नोंदी, सगळे फोल्डर तिनेच बनवलेले. ती एकेक उघडून पाहत राहिली. कुसाबाईंना ठेवायला तिच्याकडे एकही जागा नव्हती.