मी लिहून दिलेले पडणे

महाडच्या कचेरीबाहेर मी अर्ज लिहितो. शिक्षण नववीपर्यंत, तरी पदवीधर मंडळी सही कुठे करायची ते मलाच विचारतात. पाय घसरून पडल्याचा जबाब तर मला तोंडपाठ आहे. महाड-पोलादपुरातल्या कित्येक बायका पाणवठ्यावर न जाता थेट माझ्या टेबलावरच घसरल्या आहेत.

उमरठकडचा एक गृहस्थ विधवा भावजयीला घेऊन आला. तिच्या डाव्या हाताला वैदूने बांबूच्या कांबी बांधल्या होत्या. मारहाण झाल्याचे कोणीतरी पोलिसांना कळवले होते.

"वयनी पडली. तसा लिवून द्या," दीर म्हणाला.

घर-जमीन सामाईक आहे का, हे मी विचारले नाही. उत्तराने वाक्य बिघडले असते. 'शेवाळलेल्या पायरीवरून, कोणाचाही दोष नसताना, मी पडले.' वहिनीने अंगठा दिला.

पोलिसांना एवढ्या सुबक मराठीवर भरवसा नव्हता. त्यांनी हवालदार सोबत देऊन तिला सरकारी दवाखान्यात एक्सरेला धाडले. दिराच्या आग्रहाखातर मीही गेलो.

डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाची. एका हातात माझा जबाब धरून तिने फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली.

"काका, छान लिहिलंय. पण पडताना माणूस तळहात टेकतो, बहुतेकदा मनगटाशी मोडतं. हे कोपराखालचं, करंगळीकडचं हाड मधोमध मोडलंय. मार चुकवायला हात तोंडापुढे धरला की असं मोडतं."

"पायरीला धोंडा हाय," दीर म्हणाला.

"तो वरून आला का, भाऊ?"

यंत्राला आमच्या पायऱ्यांची काय माहिती, असे मी भारदस्तपणे सुनावले.

"त्याला कोणी मजकूर सांगत नाही, काका," ती म्हणाली आणि दिराला बाहेर काढले. "मावशी, काय झालं?"

वहिनीने उजवा हात कपाळापुढे धरला. "काठी व्हती. गुरांची. घरातना जा म्हनत व्हता."

"मग जबाबात पायरी कशी?" हवालदाराने विचारले.

"ह्यांनी लिवली. मला कुटं वाचून दावली?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मला इतके श्रोते एरवी मिळत नाहीत. हवालदाराने कोरा कागद पुढे सरकवला. "घ्या अर्जवाले. ती सांगेल तेवढंच."

ती सांगू लागली. 'सदर इसमाने' असे मी सुरू करताच तिने थांबवले. "इसम कोन? माझा दीर हाय तो. दीर लिवा. आन घर माझा पन हाय, मी जायाची नाय, ता बी लिवा."

मी लिहिले. दोनदा वाचून दाखवायला लावल्यावरच तिने अंगठा दिला. इतका ओबडधोबड जबाब माझ्या हातून कधी उतरला नव्हता; ठाण्यात तो एक शब्दही न बदलता घेतला. त्या संध्याकाळी दीर तिथेच राहिला. ती, हात प्लास्टरमध्ये घालून, एसटीने घरी गेली.